पाण्यावरची धूळ

फोटोस्पर्धेचं बक्षीस धाकट्या भावाला आणि फोटो मोठा छापून द्यायचा थोरल्यानं! स्टुडिओ थोरल्याचा, धाकट्याच्या हातातला कॅमेरासुद्धा त्याचाच जुना. दोघं एकाच पहाटे तळ्यावर गेले होते. थोरल्याच्या हाती नुसता करडा उजेड लागला. स्क्रीनवरच्या धाकट्याच्या फोटोत मात्र आभाळ केशरी, पाणी त्याहून केशरी. त्याच्या पोटात दुखायला लागलं. खोट शोधता शोधता पाण्यावर एक काळा ठिपका सापडला, तसा तो खुलला. "धूळ! साहेबांना लेन्स पुसायची अक्कल नाही, आणि म्हणे पहिला नंबर!" रोजच्या सवयीनं त्यानं ठिपका पुसला, फोटो छापला, फ्रेममध्ये बसवला. धाकटा आला, फ्रेम घेऊन काहीतरी शोधत राहिला. "दादा, इथला ठिपका?" "पुसला. उपकार मान!" "तो तू होतास. पलीकडच्या काठाला, गुडघाभर पाण्यात, कॅमेऱ्यात डोकं घालून." धाकटा हळूच म्हणाला, "मी आभाळाचा फोटो काढलाच नव्हता, दादा."