गोष्ट न ऐकलेली मावशी

लेक घडाघडा वाचायची, पण काय कळलं म्हणून विचारलं की गप्प. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "वाचलेली गोष्ट रोज कुणाला तरी सांगायला लावा. पण ज्यानं ती ऐकलेली नाही अशाच माणसाला हं!"

घरात माणसं दोनच, आणि गोष्ट तर दोघी मिळूनच वाचायच्या. मग आई रोज चपला घालून बाहेर जायची, बेल वाजवायची आणि कधी लांबची मावशी, तर कधी मीटर बघायला आलेले काका होऊन आत यायची.

महिन्याभरात लेकीची कळी खुलली. गोष्टीतलं अस्वल कुणाशी का बोलत नव्हतं, हे पुस्तकात कुठंच लिहिलेलं नव्हतं. आज तेही तिनं मावशीला न अडखळता समजावून सांगितलं.

"गुणाची गं पोर! चल, येते मी," म्हणत मावशी उठली. लेकीनं तिचा हात धरून ठेवला, आतल्या रिकाम्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि आवाज अगदी बारीक केला.

"मावशी, थोडा वेळ आईशी पण बोल ना. तिच्याकडे कुणीच येत नाही."