कागदोपत्री

कॉम्प्युटर कॉलेजनं लेकीला मार्कांवर घेतलं होतं, बिझनेसवाल्यांनी निबंधावर. तो निबंध बाबांनी परस्पर एजंटाकडून लिहून घेतलेला. बिझनेसवाल्यांचं पत्र ती हौसेनं मोठ्यानं वाचू लागली आणि दुसऱ्याच ओळीला अडखळली: "आईच्या निधनानंतर तुम्ही दाखवलेली जिद्द पाहून फी माफ करत आहोत." आई समोरच बाबांच्या शर्टाला इस्त्री करत होती. "अगं, कागदावर मेलं म्हणून कुणी मरतं का?" बाबा चहा भुरकत हसले. लेकीला शिसारी आली. "मग प्रवेशाच्या दिवशी मी घरीच थांबते," आई खालमानेनं म्हणाली. "बघ, किती समजूतदार आहे!" बाबांनी शाबासकी दिली. लेकीनं कॉम्प्युटर कॉलेजचा फॉर्म आईपुढे सरकवला. "आई, सही तू कर." "आणि फी?" बाबा ओरडले. आईनं सावकाश पूर्ण नाव लिहिलं. इस्त्री तेवढा वेळ कॉलरवरच होती.