पूर्वार्ध खाली, उत्तरार्ध वर

माणूस एक दिवस परग्रहावर वस्ती करणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आम्हा सख्ख्या भावांना मात्र एक घर पुरलं नाही. पाण्याचा पंप कुणी बंद करायचा, यावरून कित्येक वर्षं अबोला. खाली मी, वर धाकटा. आमची लाडकी विज्ञानकादंबरी लहानपणीच मधोमध फाडलेली, दोघांना एकाच वेळी वाचता यावी म्हणून. पूर्वार्ध माझ्याकडे, उत्तरार्ध त्याच्याकडे. काल पुन्हा वाचायला घेतला: यान कोसळतं आणि पानं संपतात. शेवट आठवेना. तत्त्वं गुंडाळून जिना चढलो. धाकट्यानं दार उघडलं, माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं. “कप्तान जगतो का रे?” “जगतो. पण दादा, तो मुळात यानात चढलाच कशाला?” “सरक, सांगतो.” संध्याकाळपर्यंत आळीपाळीनं मोठ्यानं वाचलं. निघालो. त्यानं खांद्यावर हात ठेवला. “दादा, जाताना पंप बंद कर.”