चिकटवलेलं पाकीट

एस्तेरबाईंना माती देऊन आम्ही थेट चर्चच्या ऑफिसात आलो. सभासद वारला की त्याच्या शिस्तीचं, म्हणजे त्याला झालेल्या शिक्षेच्या कागदांचं, बंद पाकीट पाळक आणि सेक्रेटरीनं मिळून फोडायचं, वाचायचं आणि जाळायचं, असा आमच्या मंडळीचा नियम. सत्तावीस वर्षं सेक्रेटरी मीच. कुठल्याही पाकिटातलं अक्षरसुद्धा बाहेर गेलं नाही, म्हणून मंडळीनं मला शाल दिली होती.

नव्या पाळकसाहेबांनी पहिला कागद वाचला. मुलीचं लग्न हिंदू पद्धतीनं लावलं, म्हणून पुढचा ठराव होईपर्यंत बाईंना प्रभुभोजन बंद.

पाकिटात दुसराही कागद निघाला. सहा महिन्यांनंतरचा, माझ्याच अक्षरातला. 'शिक्षा रद्द. बाईंना कळवावे.'

"मग त्या कधीच का घेत नव्हत्या?" पाळकसाहेबांनी विचारलं.

एकोणीस वर्षं उपासनेत प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट समोर आलं, की बाई मान खाली घालून ते शेजारणीकडे सरकवायच्या. मला वाटायचं, बाईंचा राग अजून गेलेला नाही. आता आठवलं. तो ठराव लिहून मी सवयीनं पाकिटात घातला होता, पाकीट चिकटवलं होतं आणि कपाटाला कुलूप लावलं होतं.

मी काडेपेटी खाली ठेवली.

तेवढ्यात बाईंची मुलगी दारात आली. "काका, आईचं बायबल चर्चला देऊन जाते," ती म्हणाली. "परवा तिला विचारलं, पाळकसाहेबांना प्रभुभोजन घेऊन घरी बोलावू का? तर म्हणाली, नको गं, मंडळीचं बोलावणं अजून आलेलं नाही."