चालेल

"पोपटी," साहेब म्हणाले. "आणि मधून वांगी रंगाचा पट्टा."

मुकादमाने टाइलचा नमुना खाली ठेवला, मग परत उचलून बघितला. अहो, घर कसलं भारी. समुद्रासमोर सपाट छपराच्या पांढऱ्या व्हिलांची रांग, त्यातली ही शेवटची, समोरची अख्खी भिंत काचेची. आधीच्या मालकाने बंद ठेवलेली, म्हणून खाऱ्या हवेने बिजागऱ्या खाल्लेल्या, गच्ची गळकी, स्विमिंग पूलमध्ये वाळू. पण बांधकाम एक नंबर. त्यात पोपटी बाथरूम म्हणजे कोऱ्या शर्टावर शाई सांडायची.

मुकादमाने आशेने वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणजे साहेबांची बायको. पर्स मांडीवर घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. दवाखान्यात नंबर यायची वाट बघतात ना, तशा.

"वहिनी, जरा बघता का?"

त्यांनी बघितलं. "चालेल."

सगळंच चालायचं त्यांना. हॉलचं छत मरून? चालेल. गुलाबी ग्रॅनाइटचा ओटा? चालेल. बेसिनला सोनेरी हंसाचा नळ, चोचीतून पाणी? त्यालाही चालेल. गवंडी म्हणाला, आता हॉलमध्ये एक घसरगुंडी तेवढी राहिली. आणि गंमत म्हणजे हे सगळे रंग काढणारा माणूस स्वतः रोज राखाडी शर्टात यायचा.

वहिनी पहिल्यापासून अशा नव्हत्या. त्यांची एक धाकटी बहीण होती. दोघी कशावरूनही भांडायच्या, पडद्यांवरून, पायपुसण्यावरून, आणि भांडून झालं की एका ताटात जेवायच्या. हे घर दोघींनीच शोधलं. बहिणीचे गुडघे दुखायचे म्हणून खालची खोली तिची ठरली. घराची खरेदी झाली आणि महिन्याभरात बहीण झोपेतच गेली. वहिनी रडल्या नाहीत. फक्त तेव्हापासून चालेल म्हणायला लागल्या. जेवायला वाढू? चालेल. डॉक्टरकडे जाऊन येऊ? चालेल. डॉक्टर बदलू? चालेल. घर विकून टाकू का, हेही साहेबांनी एकदा विचारलं. तेही चालणार होतं. साहेबांनी विकलं नाही. मुकादमाला पहिल्याच दिवशी म्हणाले, घर झालं नाही झालं तरी बेहत्तर, पण ही इथे परत माणसात आली पाहिजे.

आता मुकादमाला वाटायचं, अशा घरात धडधाकट माणूसही आजारी पडेल. त्याने साहेबांना बाजूला घेऊन सांगून बघितलं. साहेबांनी मान डोलावली आणि बेडरूमसाठी झेंडूचा पिवळा सांगितला. वर आणखी एक वैताग. घराला चांगलं मोठं गॅरेज होतं, पण त्याची किल्ली साहेबांनी हरवलेली. कुलूप तोडतो म्हटलं तर नको. मग सिमेंटच्या गोण्या बाहेर, ताडपत्रीखाली, समुद्राच्या वाऱ्यात. गवंडी रोज शिव्या घालायचा.

बहिणीच्या खोलीतलं बाथरूम सगळ्यात आधी पूर्ण झालं. खालपासून वरपर्यंत पोपटी. साहेबांनी वहिनींना आणून दाखवलं. वहिनी दारातूनच चालेल म्हणाल्या. जाता जाता हात धुवायला म्हणून त्यांनी नळ फिरवला, आणि त्या हंसाने असं पाणी सोडलं की थेट वहिनींच्या चष्म्यावर.

कुणी हललं नाही. वहिनींनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. मग भिंतीकडे बघितलं. म्हणजे खरंच बघितलं. इकडून तिकडे, पट्ट्यासकट.

"हा रंग कुणी आणला?"

"मी," साहेब म्हणाले.

"तिच्या खोलीला?"

"हो."

वहिनी उलट्या बादलीवर बसल्या. "तिने तुम्हाला ह्याच बाथरूममध्ये कोंडलं असतं. बाहेरून कडी लावून." आणि मग हसल्या की रडायला लागल्या, मुकादमाला काही कळेना. दोन्ही एकदमच चाललं होतं. बराच वेळ चाललं. शेवटी नाक पुसून त्या गवंड्याला म्हणाल्या, "फोडा हे. सगळं फोडा. आधी तो हंस."

साहेब बाहेर गेले. मुकादमाला वाईट वाटलं, बिचाऱ्याची हौस मोडली. तो मागोमाग धावला आणि समजूत घालायला लागला, की साहेब, मनाला लावून घेऊ नका, फक्त नवीन माल यायला वेळ लागेल हो, परत दुकान, परत निवडानिवड.

साहेबांनी खिशातून किल्ली काढली. गॅरेजचं शटर गंजलेलं, दोघांनी मिळून वर ढकललं.

आत खोकी. पार छतापर्यंत. मुकादमाने वरचं एक फोडलं. पांढरी टाइल, कडेला राखाडी बारीक रेघ. दुसऱ्यात साधे स्टीलचे नळ. मागे वाळूच्या रंगाचे डबे, अख्ख्या घराला पुरतील एवढे.

"दोघींनी भांडून ठरवलेलं," साहेब म्हणाले. "तो दुकानदार शेवटी दुकान त्यांच्यावर सोडून बाहेर जाऊन उभा राहिला होता."

मुकादम टाइल हातात घेऊन नुसता बघत राहिला. आतून पहिला हातोडा ऐकू आला, आणि वहिनींचा आवाज, की असा काय मारतोस, कोपऱ्यातून मार.

"साहेब, मग हे आधीच का नाही काढलंत?"

साहेबांनी खोक्यावरची धूळ बाहीने पुसली.

"काढलं असतं," ते म्हणाले, "तर ह्यालाही ती चालेल म्हणाली असती."