दुसरा पाट

मॅटर्निटी होमच्या संगणकावर चढवलेल्या जुन्या नोंदींतून मी फक्त दोन रकाने मागवले होते, आईचं नाव आणि प्रसूतीची तारीख. माझाही जन्म तिथलाच, म्हणून सहज माझ्या आईचं नाव शोधलं. सुमती करंदीकर, पुढे माझी जन्मतारीख. ही ओळ दोनदा आली होती.

"डबल एन्ट्री झाली असेल. एक उडवून टाक," शेजारच्या टेबलावरून बोरवणकरबाई म्हणाल्या.

उडवण्याआधी मी संगणकाला दिलेल्या क्वेरीत रकान्यांच्या नावांऐवजी तारा, म्हणजे * हे चिन्ह, टाकला. तारा टाकला की सगळे रकाने दिसतात. दोन्ही ओळींत मुलगीच होती, पण जन्मवेळेत सात मिनिटांचा फरक होता. आधीच्या वेळेच्या ओळीत, शेवटच्या रकान्यात, 'मृत' लिहिलं होतं.

मी बाहेर जाऊन आईला फोन लावला. "माझ्या वाढदिवसाला तू दुसरा रिकामा पाट मांडतेस, तो कुणाचा गं?"

"देवाचा. दरवर्षी काय विचारतेस?"

"मग आधी त्यालाच का ओवाळतेस?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"थोरली आहे ना ती," आई म्हणाली.