संपातला टेम्पो

तांदूळ महागला, रॉकेल महागलं, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत टेम्पो हाकणाऱ्यांचा पगार मात्र जागचा हलेना, म्हणून रत्नागिरीतल्या बिस्किटांच्या एजन्सीचे सगळे ड्रायव्हर संपावर गेले. सगळे म्हणजे नासिर सोडून. शेटनं त्यालाच गुपचूप पगारवाढ कबूल केली होती. नासिरचा हिशेब पक्का होता. फक्त टेम्पोला तो कळला नाही. एजन्सीच्या फाटकाबाहेर बसलेल्या संपवाल्यांच्याच पुढ्यात तो बंद पडला. नासिर काचा वर करून शिव्यांची वाट बघत बसला. पण बंद गाडी दिसली की धक्का द्यायचा, ही ड्रायव्हरांची रीत. संपवाल्यांतले रघूकाका उठले, मागोमाग बाकीचे. “मेल्या, गियर टाक की! का शेटला बोलावू ढकलायला?” त्यांनी ढकललं, इंजिन धडधडलं. “जा, उशीर झाला तर शेट खाडा मांडेल,” काका धापा टाकत म्हणाले. नासिरनं इंजिन बंद केलं. पण उतरून त्यांच्यात बसायचं तोंड राहिलं नव्हतं.